इंदूरचे घर आपल्या भावकीतले आहे का?

सातारा

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतच्या मोडी कागदाची छायाचित्रे मिळाली. इंदूरला तुला भेटलेल्या, आपलेच आडनाव लावणाऱ्या मंडळींना त्यांच्या कुलवृत्तांतात आपल्या घराची शाखा घालायची आहे आणि त्यासाठी माझा होकार हवा आहे, हे वाचून फार आनंद झाला. तरीही तो होकार मी आज देऊ शकत नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मला वाटत नाही. उलट ते खरे ठरण्याचा संभव बराच आहे. परंतु वंशावळीत बापाखाली मुलाचे नाव लिहायचे, तर त्या दोघांचे नाते सांगणारा निदान एक कागद हवा, आणि त्यांच्या व आपल्या घराच्या मधल्या दोन पिढ्यांसाठी तो अद्याप सापडलेला नाही.

आपल्या बाजूने वर कुठपर्यंत जाता येते ते आधी सांगतो. तुझे आजोबा आणि पणजोबा यांचा दुवा फेरफारात स्वच्छ आहे: खातेदार मयत, वारस अमुक अमुक, आणि खाली सर्कलची मंजुरी. मात्र फेरफारावर एकट्यावर विसंबता येत नाही. एकत्र कुटुंबात जमिनीला थोरल्या भावाचेच नाव लागे आणि त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असे लिहिले जाई, त्यामुळे त्या तीन अक्षरांमागे धाकट्या भावांच्या सबंध शाखा झाकल्या जातात. पणजोबांचे धाकटे भाऊ मला सातबाऱ्यावर कुठेच दिसले नाहीत. ते मिळाले गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात. मुलींचे तर याहून कठीण आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येण्यापूर्वीच्या वारसनोंदी बहुतेक मुलग्यांच्याच आहेत, आणि बाईचे नाव आले तर ते कुणाची तरी ‘कोम’ म्हणून, म्हणजे नवऱ्याच्या नावाला जोडून येते, माहेराचा पत्ता लागत नाही. पणजोबांच्या एका बहिणीचे नाव मला जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकात सापडले. मृत्यूच्या पानावर, तापाने, वय तीन वर्षे, एवढीच ती नोंद आहे. घरात आज कुणालाही ती मुलगी ठाऊक नव्हती. आपल्या वंशावळीत तिचे नाव मी भावांच्या ओळीत लिहिले आहे, आणि इंदूरच्या मंडळींनीही आपल्या ग्रंथात लेकींची नावे गाळू नयेत, असे त्यांना माझ्या वतीने आवर्जून सांग.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्हाधिकारी कार्यालयांनी जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणारे बोलावले आणि पाने स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवली, त्याचा मला मोठाच उपयोग झाला. लोक त्या पानांवर जातीचा रकाना शोधतात; मी ‘अमका बिन तमका’ एवढेच शोधत गेलो, कारण बापाचे नाव तिथेच मिळते. शोधताना एक ध्यानात ठेव. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते, तर आटपाडी औंध संस्थानात होती. तासगावकडे गेलेल्या आपल्या चुलत घराचे जुने कागद म्हणूनच ‘जिल्हा सातारा’ या मथळ्याखाली मिळाले.

फेरफाराच्या वर पाटीलकीचे वतन रजिस्टर आहे. १८७४ च्या वतन कायद्यानंतर प्रत्यक्ष काम करणाऱ्या वतनदारांची नोंद ठेवावी लागे आणि त्यासाठी वंशावळ लागे, म्हणून पणजोबांचे आजोबा आणि त्यांचे वडील ही दोन नावे आपल्याला खात्रीने मिळतात. ते वडील अंदाजे १८०५ च्या सुमारास जन्मलेले असावेत. इथे आपली पक्की वाट संपते.

आता इंदूरचा कागद. तो मी इथल्या एका मोडी जाणकारांसोबत बसून ओळीओळीने वाचला. आधी पानभर शिरोरेषा ओढून मग तिला अक्षरे लटकवत जाणारी ती बोरूची लिखावट आहे, शब्द एकमेकांत अडकलेले आहेत आणि उजव्या कडेला पाणी लागून दोन ओळींची शेवटची अक्षरे गेली आहेत. कालाचा उल्लेख ‘सबा सबैन मया व अलफ’ असा आहे. सात, सत्तर, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी दप्तरांतले साल, ११७७ होते. हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होते. जून ते डिसेंबरच्या तारखांना त्यात ५९९ आणि पुढच्या महिन्यांना ६०० मिळवायचे, म्हणजे हा कागद १७७६-७७ चा ठरतो. त्यात लिहिणारा म्हणतो, की आपण चाकरीनिमित्त माळव्यात राहतो, प्रांत वाईतल्या आपल्या गावी पाटीलकीची तक्षीम म्हणजे वाटा आहे, वडील म्हणजे थोरला भाऊ गावी आहे, आणि आपला वाटा बुडू नये. गाव आपलेच आहे, यात शंका नाही. पण ज्या वडील भावावर सारे अवलंबून आहे, त्याचे नाव लिहिणाऱ्याने घातलेलेच नाही!

यापुढची अडचण मोठी आहे. आपल्या गावच्या पाटीलकीच्या तक्षिमा दोन होत्या, थोरली आणि धाकटी, आणि दोन्ही घरे एकच आडनाव लावत. कागदातली तक्षीम कोणती, हे त्यात लिहिलेले नाही. ती आपली असेल, तर इंदूरचे घर आपल्या रक्ताचे. दुसरी असेल, तर ते आपल्या गावचे आणि आडनावाचे, पण वेगळ्या घराण्याचे असू शकते. त्यांच्या मूळपुरुषाचे नाव आपल्या घरातही चालत आले आहे याला मी वजन देत नाही, कारण आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत प्रत्येक घरात होती. एकाच कुलदैवतालाही देत नाही. पालीच्या खंडोबाला जाणारी कुळे मोजता येणार नाहीत. देवक मात्र विचार. ते जुळले म्हणून नाते सिद्ध होत नाही, पण ते निराळे निघाले तर फार सावध व्हावे लागेल. त्यांच्या घराण्यात पूर्वी कुणी दत्तक गेले वा आले होते का, हेही विचार, कारण दत्तकामुळे एकाच माणसाचा बाप दोन कागदांत दोन नावांनी दिसतो.

माझ्याकडून मी पुण्याच्या पुरालेखागारात प्रांत वाईच्या कागदांसाठी अर्ज करतो आहे. तिथल्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तरांत, पाटीलकीच्या तंट्याचे करीने म्हणजे पक्षकारांनी मांडलेल्या हकीकती आणि महजर म्हणजे निवाडापत्रे असतात, शिवाय १८५२ नंतर इनाम कमिशनपुढे लोकांनी मांडलेल्या कैफियती व वंशावळीही. आपल्या दोन तक्षिमांचा वाद कधीतरी झालाच असणार, आणि वाद झाला असेल तर दोन्ही पक्षांनी आपापले पूर्वज सांगितले असतील. करीना हा वतन मिळवण्यासाठी लिहिलेला असतो, म्हणून एकाच बाजूचा वाचून मी समाधान मानणार नाही. जी नावे दोन्ही पक्षांना मान्य आहेत तीच घेईन.

इंदूरच्या मंडळींकडून सगळ्यांत जास्त आशा मला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची आहे. नाशिक-त्र्यंबकला यजमान कुठे राहतो यापेक्षा त्याचे मूळ गाव कोणते यावर उपाध्ये ठरतात. माळव्यातले त्यांचे पूर्वज अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला आले असतील, तर आपल्या गावच्याच उपाध्यायांच्या वहीत त्यांचा लेख असायला हवा, आणि तसा लेख लिहिताना गावी राहिलेल्या भावांची नावेही सांगण्याची पद्धत आहे. त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना मुद्दाम विचार, की कुणाच्या अस्थी कुठे नेल्या होत्या. या गोष्टी त्यांच्या लक्षात राहतात.

तोवर आपल्या वंशावळीत त्यांची शाखा मी तुटक रेषेने दाखवली आहे आणि शेजारी ‘संभाव्य’ असे लिहिले आहे. त्यांनीही ग्रंथात तसेच छापावे. एकदा ठळक रेषा छापली की पुढची पिढी तिला पुरावा मानते. भेटीगाठींना मात्र यातले काही आडवे येत नाही. दिवाळीला येताना त्यांना घेऊन ये, तुझ्या आईनेही आग्रहाने कळवले आहे.

एक काम लगेच कर. मोडी कागदाची पाठही तितकीच महत्त्वाची असते. लांब कागदाचे बंद जिथे चिकटवलेले असतात तिथे मागून शिक्का मारलेला असतो आणि कधी कधी प्राप्तीचा शेराही असतो. त्यांना विनंती करून मागच्या बाजूची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, कागदाच्या चारही कडा दिसतील अशी काढ आणि पाठव.

तुझे
बाबा