जॅझबद्दल लिहिताना साथीदारांची नावंही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अधूनमधून जॅझवर लेख येतात त्याबद्दल आधी मनापासून आभार, मराठी पेपरात पियानोवाल्या मंकचं किंवा सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचं नाव दिसलं की फार बरं वाटतं. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे ती आज लिहूनच टाकतो. लेखात रेकॉर्डचं नाव असतं, मुख्य कलाकाराचा मोठा फोटो असतो, साल असतं, पण बाकी कोण वाजवत होतं त्याचा पत्ताच नसतो. पियानोवर कोण, बेसवर कोण, ड्रम्सवर कोण, काहीच नाही. आणि जॅझ ऐकणाऱ्याला नवीन कलाकार सापडतात ते बहुतेक वेळा ह्याच नावांतून, त्यामुळे नावं गाळली की वाचकाला पुढे काय ऐकायचं हेच कळत नाही.

आपण मराठी लोक तर ह्या बाबतीत किती चोखंदळ. कुमारजींचं जुनं रेकॉर्डिंग कुणी पाठवलं की पहिला प्रश्न काय असतो, तबल्याला वसंतराव आचरेकर आहेत का, पेटीवर गोविंदराव पटवर्धन आहेत का. सवाईच्या बातमीत तबला, संवादिनी, तानपुरा सगळ्यांची नावं येतात, मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्यांचीसुद्धा, आणि ती यायलाच हवीत. मग जॅझला वेगळा न्याय कशाला?

आम्ही ठाण्यातले काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक रेकॉर्डिंग आणायचं, चहा, गप्पा, आणि नियम एकच की लावायच्या आधी सगळ्या वादकांची नावं सांगायची. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, बेस गिटार शिकणारी एक कॉलेजची मुलगी आहे, दोन डॉक्टर आहेत. ह्या एका नियमामुळे किती कलाकार आमच्या हाती लागले ते सांगतो म्हणजे मी का मागे लागलोय ते कळेल.

ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' सगळ्यांनी ऐकलेली असते. बिल एव्हन्सचा पियानो म्हणून ती प्रसिद्ध, पण पाचपैकी 'फ्रेडी फ्रीलोडर' ह्या एका ट्रॅकवर पियानो विंटन केलीचा आहे. माहीत नसेल तर माणूस तेही एव्हन्सचंच समजून ऐकतो. एकदा कळलं की फरक लगेच कानाला जाणवतो, केलीच्या हाताला ब्लूजचा मस्त डौल आहे. काकांनी पुढच्या वेळी केलीचंच नाव धरून १९६५ ची 'स्मोकिन ॲट द हाफ नोट' आणली, त्यात केली, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब, म्हणजे माइल्सकडचीच तिन्ही माणसं, आणि पुढे गिटारवर वेस माँटगोमरी. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी माँटगोमरी तोपर्यंत ऐकलेलाच नव्हता! आता ते दुसरं काही ऐकायला तयार नाहीत.

पण मला सगळ्यात जवळची गोष्ट पियानोवाल्या टॉमी फ्लॅनागनची. कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स', रेकॉर्डिंग मे १९५९, टायटल ट्रॅक पावणेपाच मिनिटांचा. मिनिटाला पावणेतीनशेच्या वर मात्रा, दर दोन मात्रांनी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बदलतो आणि षड्जच तीन जागी फिरत राहतो, म्हणजे जरा स्थिरावलं की पायाखालची जमीन सरकलीच. कोल्ट्रेनने ह्याचा घोटून घोटून रियाज केलेला, तो पाण्यासारखा वाहतो. मग पियानोचा सोलो येतो. फ्लॅनागन ताना घ्यायला सुरुवात करतो, थोडं जातो, मग ताना तुटायला लागतात, मध्ये मोकळी जागा पडते आणि शेवटी तो नुसते कॉर्ड्स ठेवत जातो. बरेच लोक एवढंच ऐकून फ्लॅनागनला कच्चा ठरवून मोकळे होतात, हा मोठा अन्याय आहे. त्याच माणसाने तीन वर्षं आधी सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सच्या 'सॅक्सोफोन कोलोसस'वर काय देखणं वाजवलंय ते ऐका. १९६८ ते १९७८ तो गायिका एला फिट्झजेराल्डच्या साथीला होता. आणि १९८२ मध्ये, कोल्ट्रेनला जाऊन पंधरा वर्षं झाली होती तेव्हा, त्याने कोल्ट्रेनच्या आठवणीत 'जायंट स्टेप्स' नावाचीच रेकॉर्ड केली आणि तोच ट्रॅक पुन्हा वाजवला, ह्यावेळी अगदी सहज. दोन्ही ट्रॅक पाठोपाठ लावून बघा. आमच्याकडे ते लावले तेव्हा दुसरा संपल्यावर बराच वेळ कुणी पुढचं लावा म्हणालं नाही. साथीदाराचं नाव कुणी सांगितलंच नसतं तर ह्यातलं काय कळलं असतं?

रॉलिन्सवरून आठवलं, हा माणूस साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या पवईतल्या आश्रमात येऊन राहिला होता. हे मुंबईच्या लोकांनाच माहीत नसतं, ह्यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

तर फ्लॅनागन डेट्रॉइटचा. आमच्या बेसवालीने त्यावरून डेट्रॉइटमध्ये आणखी कोण कोण हे शोधलं तर सापडल्या हार्प (उभं, तारांचं मोठं वाद्य) वाजवणाऱ्या डोरोथी ॲशबी आणि ॲलिस कोल्ट्रेन, म्हणजे आपल्या कोल्ट्रेनची पत्नी. जॅझमध्ये हार्प! ॲलिसच्या १९७१ च्या 'जर्नी इन सच्चिदानंद'वर फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन आहे, सेसिल मॅकबीचा बेस आहे, आणि तानपुऱ्यापुढे नाव आहे तुलसी. तानपुऱ्याचंसुद्धा नाव दिलंय बघा. तिथून ती मुलगी पोचली आजच्या हार्पवाल्या ब्रँडी यंगरकडे, जिने २०२३ मध्ये ॲशबीच्या रचना घेऊन 'ब्रँड न्यू लाइफ' काढली, तिथून ड्रमर मकाया मॅक्रेव्हन, आणि त्याच्या 'युनिव्हर्सल बीइंग्ज'च्या लंडनच्या भागातून सॅक्सोफोनवाली नुबाया गार्सिया. १९५९ पासून आजच्या पोरांपर्यंत नुसत्या नावांचा हात धरून. फोनवरच्या ॲप्सवर ही नावं बहुतेक वेळा सापडतच नाहीत किंवा कुठेतरी आत दडवलेली असतात, जुन्या रेकॉर्डच्या कव्हरमागे सगळं छापलेलं असायचं. म्हणून तर पेपरने हे काम करावं असं वाटतं.

नावं न लिहिल्याने काय जातं ते आपल्याला घरचंच माहीत आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आलेले कितीतरी वादक रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत. हळदोण्याचा चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो शावियेर वाझ, ट्रम्पेट असा वाजवायचा की त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, तो आपल्या सी. रामचंद्रांचा असिस्टंट होता. १९५१ च्या 'अलबेला'त तो बँड घेऊन पडद्यावर दिसला म्हणून निदान चेहरा तरी राहिला. बाकीच्यांचं काय? रेकॉर्डवर गायक आणि संगीतकार एवढीच नावं, ट्रम्पेटचा जो तुकडा आपण सगळे आजही गुणगुणतो तो नेमका कुणाचा हे सांगणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत.

आणि नावाचा उपयोग काय तर हे बघा. मंक आणि कोल्ट्रेन २९ नोव्हेंबर १९५७ ला कार्नेगी हॉलमध्ये एकत्र वाजले, व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओने ते टेप केलं आणि टेप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिली ती थेट २००५ पर्यंत. तिथल्या लॅरी ॲपलबॉम ह्यांना ती सापडली, डब्याच्या मागे कुणीतरी हाताने 'टी. मंक' असं लिहून ठेवलं होतं. त्याच वर्षी रेकॉर्ड निघाली आणि जगभरच्या लोकांना ती ऐकायला मिळाली.

तेव्हा माझी विनंती अशी की जॅझच्या रेकॉर्डबद्दल काहीही छापताना खाली एक ओळ वादकांच्या नावांची असू द्या, कोण काय वाजवतंय ते लिहून, आणि रेकॉर्डिंगचं साल. दोन इंच जागासुद्धा लागत नाही. आणि जमलंच तर पुरवणीत महिन्यातून एकदा वाचकांसाठी छोटासा चौकोन ठेवा, एका वाचकाने एक आवडतं रेकॉर्डिंग सुचवायचं, सगळ्या नावांसकट, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणीतरी त्यातलंच एक नाव उचलून पुढचं सुचवायचं. जळगावचा, बेळगावचा, तिकडे न्यू जर्सीतला वाचकही लिहील, ऐकणारे सगळीकडे आहेत पण एकमेकांना माहीत नाहीत. ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस असतो, त्या आठवड्यात सुरू करता आलं तर उत्तमच. पहिलं रेकॉर्डिंग आमच्याकडून घ्या, फ्लॅनागनची १९८२ ची 'जायंट स्टेप्स', पियानो टॉमी फ्लॅनागन, बेस जॉर्ज म्राझ, ड्रम्स अल फॉस्टर.

आपला नियमित वाचक,
ठाणे