पाटकरी काकांना, ३१ डिसेंबरच्या सकाळबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पलूसच्या अलीकडं, कृष्णा कालव्याच्या भरावावर भेटलेले, मफलर बांधलेले, हातात काठी असलेले, पाटाचं पाणी सोडणारे पाटकरी काका एवढीच तुमची ओळख माझ्याकडं आहे. पत्र कुणाच्या वाचनात आलं तर त्यांनी ते तुम्हाला वाचून दाखवावं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी गावी येऊन कालव्याचे फोटो काढायचे आणि एकच गाणं ऐकत काढायचे, हा माझा पुण्याला गेल्यापासूनचा नेम. यंदा मी धुक्यात पोचलो तर पाट कोरडा ठणठणीत. तळाला तडकलेला गाळ, त्यावर उसाचं पाचट. तरीही कॅमेरा घेऊन आत उतरलो आणि थोड्याच वेळात गाशा गुंडाळायला लागलो. तेव्हा वरून तुमची हाक आली, "पावणं, वर या आधी! खोडशीच्या बंधाऱ्यातनं पाणी सुटलंय, कवाबी येईल हितं."

मी चढायला लागलो तर शेवाळलेल्या उतारावरून पाय घसरला. तुम्ही काठी पुढं केलीत, मग मनगट धरून वर ओढलंत. "पाणी आलं की माणसाला वर चढायचं सुचत न्हाई," एवढंच बोललात. रागावला नाहीत. काका, या धोक्याची मला खरंच कल्पना नव्हती. त्या हाकेचे आभार सगळ्यात आधी.

मग आपण थांबलो. मोबाईलवर काय वाजतंय, हे तुम्ही विचारलंत. ते जमैकातल्या 'द मेलोडियन्स'चं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलोन', १९७० सालचं. आपल्याकडं बहुतेकांना ठाऊक आहे ते १९७८ मधलं 'बोनी एम'चं, नाचायला लावणारं. मला मूळचं जास्त जवळचं वाटतं. त्यात घाई नाही. शब्द बायबलमधल्या १३७व्या स्तोत्रावरून घेतलेले. देशोधडीला लागलेली माणसं बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून आपल्या भूमीच्या आठवणीनं रडतात. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांना त्यात आपलीच कहाणी दिसली. आणि त्या 'नद्या' म्हणजे बऱ्याच अंशी फरात नदीचे कालवेच, असं अभ्यासक सांगतात. मी हे गाणं पाटावर का आणतो, ते तुम्हाला तेवढ्यात कळलं. "म्हंजे ती बी पाटावरच बसली हुती," तुम्ही म्हणालात.

काठीनं भरावावर ठेका धरून तुम्ही ऐकत राहिलात आणि एकदम थांबलात. "ही गिटार समेला गप बसतीया की! दोन ठोक्यांच्या मधीच वाजतीया." रेगेची, म्हणजे जमैकातल्या या संगीताची, सगळी चाल त्या मधल्या जागेत असते, हे समजायला मला कितीतरी वर्षं लागली. तुम्ही भजनात पखवाज वाजवता, तुम्हाला ते एका ऐकण्यात सापडलं.

आणि मग तुम्ही हात वर केलात. मी गाणं बंद केलं. आधी नुसती सळसळ. वळणावरून पाणी आलं ते चार बोटं उंचीचं, मातकट, पुढं फेसाची आणि पाचटाची किनार ढकलत. तडा दिसला की त्यात शिरायचं, तो भरला की पुढं. मुंग्या, नाकतोडे जीव घेऊन उतारावर चढत होते आणि बगळे त्या पाण्याच्या तोंडासोबत पावलं टाकत चालले होते. ट्रायपॉडचा एक पाय मुरमात टिकत नव्हता, तो तुम्ही वाकून हातानं धरून ठेवलात. शटर एक पंधरांश सेकंदाचं होतं. तुमचा हात हलला असता तर फोटो गेला असता.

भरलेल्या कालव्याचे फोटो माझ्याकडं ढिगानं आहेत. पाणी येतानाचा हा एकच. तुम्ही थांबवलं नसतं तर मी 'पाणीच नव्हतं' म्हणत परतलो असतो.

तुम्ही चहालाही थांबला नाहीत. पुढं चारीचं, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या छोट्या पाटाचं, दार उघडायचं होतं, कुणाचा तरी गहू वाट बघत होता. फोटोची मोठी प्रत पलूस स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवली आहे, 'पाटकरी काका' म्हणून विचारा. डाव्या कोपऱ्यात तुमच्या काठीचं टोक आलंय, ते मी कापलेलं नाही.

येत्या ३१ तारखेला मी त्याच जागी असेन, भरावावर. पखवाज आणता आला तर आणा.

तुमचा,
कॅमेरावाला पावणा