टीव्हीच्या काचेतलं हसू

डोंबिवली, २९ एप्रिल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

लाडवांच्या डब्यात झाकणाखाली चिठ्ठी सापडली म्हणून दचकू नकोस. फोनवर माझं बोलणं 'जेवलीस का, पाणी येतं का' इथेच संपतं, म्हणून लिहायला बसलो.

आज इरफान खानचा स्मृतिदिन. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो गेला. त्याच्या चारच दिवस आधी जयपूरला त्याची आई गेली होती, आणि त्याला शेवटचं जाताही आलं नव्हतं. बातमी लागली तेव्हा तू भांडी घासत होतीस. साबणाचे हात तसेच घेऊन बाहेर आलीस आणि टीव्हीसमोर उभी राहिलीस, ते मला अजून दिसतं.

काल रात्री त्याचा 'द लंचबॉक्स' पुन्हा लावला. २०१३ मध्ये आपण तिघांनी तो थिएटरात पाहिला होता. तेव्हा डबा चुकीच्या माणसाकडे जातोच कसा, यावरच मी मध्यंतरभर बोलत होतो. नोकरीची सगळी वर्षं घरचा डबा खाल्लेला माणूस मी, दुसरं काय सुचणार! इरफानने केलेल्या साजन फर्नांडिसची रिटायरमेंट मला फार लांबची वाटली होती. आता मलाच रिटायर होऊन दोन वर्षं झाली.

त्यातला तो प्रसंग आठवतो का तुला? साजन त्याच्या वारलेल्या बायकोने रेकॉर्ड करून ठेवलेल्या जुन्या मालिकेच्या कॅसेट शोधून काढतो आणि एकामागून एक भाग बघत बसतो. काय शोधतोय ते त्यालाच कळत नाही. मग चुकून येणारा तो डबा बनवणाऱ्या इलाला लिहितो, की बायको ही मालिका बघायची तेव्हा मी बाहेर सायकल दुरुस्त करत असायचो, नाहीतर सिगारेट ओढत. खिडकीतून टीव्हीच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसायचं. त्याच त्याच विनोदांना ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. तेव्हा बघत राहायला हवं होतं.

एवढंच. ना हुंदका, ना वाजणारी सारंगी. सिनेमा आला तेव्हा इरफान ४६ वर्षांचा होता, आणि आवाज मात्र आयुष्य फायलींत गेलेल्या विधुराचा. हे त्याने कुठून आणलं असेल? एवढा मोठा नट आपल्याला पुन्हा मिळणार नाही असं मला मनापासून वाटतं.

सिनेमा संपल्यावर मी गॅलरीत गेलो. आत तुझ्या आईने 'हास्यजत्रा'चा जुना भाग लावला. बाहेर अंधार होता, म्हणून गॅलरीच्या काचेत ती स्पष्ट दिसत होती. मनू, विनोद यायच्या आधीच ती हसायला लागते गं! पदर तोंडाशी जातो, डोळे मिटतात, आणि चष्मा घसरू नये म्हणून डावा हात वर येतो. लग्नाला ३१ वर्षं झाली, आणि तो हात मी काल पहिल्यांदा पाहिला. इतकी वर्षं मी त्या वेळी सोसायटीचे हिशेब लिहीत होतो.

"डास येतायत, दार लावा," ती आतून म्हणाली. मी दार लावलं, पण आत गेलो नाही.

तुझ्याशी बोलताना ती सगळ्यात जास्त हसते. शनिवारी नुसता फोन नको, व्हिडिओ कॉल कर. तिला समोर बसवतो, मी मागे उभा राहीन. आणि ऑफिसातल्या त्या मांजराची गोष्ट तिला पुन्हा सांग.

तुझा,
बाबा