हात थरथरतो म्हणून माणूस खोटा होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला 'सही'वरचा लेख वाचला. लॅटिन सिग्नम म्हणजे खूण, त्यातून सिग्नेचर आलं, आपली सही अरबी सहीहवरून म्हणजे खरं, बरोबर, आणि दस्तखत फारसी, हे सगळं छान सांगितलंय, लेखकाचे आभार. पण शेवटी 'अंगठेबहाद्दरांचा जमाना आता गेला' असं जे लिहिलंय ना, ते वाचून डोकंच फिरलं.

माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते, आख्खी नोकरी मुलांच्या अक्षराला वळण लावण्यात गेली. आता कंपवात आहे. पेन्शन काढायला गेलो की काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरची जुनी सही बघतो आणि म्हणतो, काका सही मॅच होत नाही, परत करा. परत केलेली आधीपेक्षा वाईट येते कारण मागे लाइन उभी असते, सगळे बघत असतात, हात अजूनच थरथरतो. मी म्हटलं मग अंगठा घ्या, तर म्हणे अंगठा अशिक्षितांसाठी असतो, काका तर शिकलेले आहेत. वडिलांनी पेन खाली ठेवलं आणि 'चल घरी' एवढंच म्हणाले. स्वतःचेच पैसे काढायला आलेल्या माणसाला असं परत पाठवायचं?

कुठल्या कायद्यात आहे हे? 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूणसुद्धा सहीत धरलीय, तिथे शिक्षण विचारलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाही स्पष्ट आहेत, वृद्ध किंवा आजारी खातेदाराचा हाताचा काय, पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो, फक्त बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. म्हणजे तो अधिकारी आपल्या केबिनमधून उठून बाहेर आला असता तर काम तिथेच झालं असतं.

आणि अंगठ्याला कमी कशाला लेखता? 1858 साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तो कशासाठी तर उद्या त्याने आपली सही नाकारू नये म्हणून! आजही घराची रजिस्ट्री करायला गेलात तर डॉक्टर असो की वकील, सगळ्यांचे अंगठे घेतात. या गोष्टी लेखात यायला हव्या होत्या, त्या वाचून एखाद्या शाखेत तरी फरक पडला असता.

अजून एक. शिवमुद्रेच्या फोटोखाली 'महाराजांची स्वाक्षरी' असं छापलंय. ती स्वाक्षरी नाही, मुद्रा आहे. मुद्रा पत्राच्या वरच्या बाजूला उमटवत आणि मजकूर संपला की खाली 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब, म्हणजे त्यापुढे कोणी काही घुसडू नये. शाळेतल्या पोरांनाही माहीत असलेली गोष्ट तुमच्या पेपरात चुकीची यावी याचं वाईट वाटतं. कृपया दुरुस्ती छापा, आणि ती पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक जुना वाचक, सातारा