पोडावर किती पाऊस पडला?

मा. कृषिमंत्री आणि मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना खुले पत्र

सविनय नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. शाळाशाळांत पर्जन्यमापक द्या ही माझी मागणी तुमच्या दोन खात्यांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडते, आणि धुऱ्यावर कोणीच वखर घालत नाही. मी झरी जामणी तालुक्यातला कोरडवाहू कास्तकार आहे, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर घेतो. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला खरा आहे. पण आमच्या शिवारात किती पडला हे सांगणार कोण? महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाचं स्वयंचलित केंद्र महसूल मंडळाला एक. एका मंडळात कितीतरी गावं, मध्ये टेकड्या. मंडळाच्या गावी पाऊस झोडपतो तेव्हा कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, नुसता शिडकावा झालेला असतो. मग माणूस मातीत बोटं घालून ओल पाहतो आणि सरकी टोबतो. काळ्या जमिनीत हे निभून जातं. पोडावरची जमीन बरड, म्हणजे हलकी, मुरमाड. आठ-दहा दिवस पावसानं दडी मारली की कोंब करपला. २०२५ मध्ये बीटी सरकीचं पाकीट ९०१ रुपयांना होतं. दुबार पेरणी म्हणजे तोच खर्च पुन्हा, आणि बहुतेकांचा उधारीवर.

२०२३ चा खरीप आठवा. जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. लगेच पुढचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. सप्टेंबरात विदर्भात सोयाबीन पिवळ्या मोझॅक रोगानं बसलं. असल्या हंगामात बापजाद्यांचे नक्षत्रांचे आडाखे पुरत नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसरं काही आमच्या हाती आलेलं नाही. कृषी विज्ञान केंद्रांतली जिल्हा कृषी हवामान केंद्रं तालुकानिहाय सल्ला देत होती. २०२४ च्या सुरुवातीला देशभरातली अशी १९९ केंद्रं बंद झाली.

मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत एक पर्जन्यमापक आणि एक कमाल-किमान तापमापक द्या. सुरुवात पोडांवरच्या, वस्त्यांवरच्या शाळांपासून करा. वरच्या वर्गातल्या पोरांनी सकाळी साडेआठला आकडा वाचावा, वहीत लिहावा आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनं मांडावा. एकूण बेरजेसकट, म्हणजे ७५ कधी झाले ते जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल. (आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, म्हणजे तिसरे मंत्री. त्यांना वेगळं लिहीन.)

तुमचे अधिकारी सांगतील की केंद्राच्या विंड्स या हवामान-नोंदीच्या योजनेत ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक येणारच आहे. येऊ द्या. पण गटग्रामपंचायतीत गावं आणि पोड कितीतरी असतात, आणि यंत्राचा आकडा सर्व्हरला जातो. शाळेतल्या मापकाचा आकडा पोरगी घरी जाऊन बापाला सांगते.

एक काळजी घ्या. हे आकडे विमा आणि नुकसानभरपाईला जोडू नका. ६५ मिलिमीटरला अतिवृष्टी ठरते हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आकड्याला पैसा चिकटला की ६१ चे ६६ व्हायला वेळ लागत नाही, आणि मग ती वही कोणाच्याच कामाची राहत नाही.

आता संशोधनाचं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कृषिदूत आणि कृषिकन्या, म्हणजे तिथले विद्यार्थी-विद्यार्थिनी, दरवर्षी कार्यानुभवासाठी गावोगावी येतात. बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक होतं, फोटो निघतो, पोरं परत जातात. पोरं चांगली असतात. त्यांना कामच तेवढं दिलेलं असतं. त्यांनी शाळेची वही घ्यावी आणि त्याच गावातल्या दहा-वीस वावरांत कोणत्या तारखेची पेरणी जगली, कोणती मोडावी लागली, हे तिच्याशी पडताळून पाहावं. विद्यापीठानं त्यावरून बरड जमिनीसाठी पेरणीचा सल्ला काढावा आणि पुढच्या मे महिन्यात तो त्याच शाळेत येऊन सांगावा. आमच्याकडून माहिती नेणारे पुष्कळ आले. उत्तर घेऊन परत येणारे फार थोडे.

तापमापकाचंही तसंच. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबल्या, तेव्हा विदर्भातून विरोध झाला. वेळापत्रक पुण्यात ठरतं. टिनाच्या खोलीत दुपारी पारा किती चढतो याची वर्षभराची नोंद समोर असती, तर वाद घालायची गरजच पडली नसती.

अडचणी आहेत. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात आणि पेरणीचा निर्णय त्याआधीच घ्यावा लागतो. त्या दिवसांत आणि दिवाळीच्या सुट्टीत खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी आकडा वाचावा, त्याचं मानधन त्यांना द्या. मास्तरांच्या डोक्यावर नवं ॲप मात्र टाकू नका. आहेत तेच भरता भरता त्यांचा तास संपतो. आणि फवारलेल्या वावरात पोरांना कशाच्याही नोंदीसाठी पाठवायचं नाही, हे आदेशात स्पष्ट लिहा. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली आहेत.

साधा पर्जन्यमापक काही शे रुपयांत मिळतो. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी पैसा असतो. झरी जामणी, केळापूर, मारेगाव या तीन तालुक्यांपासून सुरुवात करता येईल. दोन्ही खात्यांच्या सहीचा एक शासन निर्णय तेवढा लागेल. मापकं मे अखेरीस शाळांत पोचली तर मृगाचा पहिला पाऊस मोजता येईल. जुलैत पोचली तर एक पेरणी हुकली.

आपला,
एक कास्तकार व पालक
ता. झरी जामणी, जि. यवतमाळ