त्या मागच्या टायरबद्दल थँक्यू, काका

काका, नमस्कार. त्या दिवशी मी नुसतं "थँक्यू हां" म्हणून मोकळा झालो आणि नंतर वाटलं की एवढ्यावर भागायचं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. शाफ्टवाली बाईक (मागचं चाक चेनऐवजी नळीतल्या दांड्याने फिरतं ती) घेऊन माझ्यासारखेच अजून दोनचार जण रुंद टायरच्या मागे लागले असतील, त्यांनाही कळू दे.

माझ्या डोक्यात 150/80-16 बसलेला, म्हणजे 150 एमएम रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, 16 इंची रिमचा. मूळचा 130/90-16, उंचीत फरक जेमतेम 6 एमएमचा, मग अडचण कसली, आणि मागून बाईक कशी भरलेली दिसेल हेच डोळ्यांसमोर. ऑर्डर देणारच होतो, त्याआधी तुम्हाला फोन केला, तोही खरं तर शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही एवढंच विचारलंत, "शाफ्टची नळी आणि टायर यांच्यात जागा किती आहे रे?" माझी बोलती बंद.

मग तुम्ही स्वतः आलात. खाली बसलात, पिशवीतून ॲलन की (त्या षटकोनी पान्याच्या सळ्या) काढून एकेक त्या फटीत घालून बघितलीत, 8 एमएमची गेली, 10 ची गेली, 12 ची घासत गेली. "20 एमएम रुंद म्हणजे एका बाजूला 10. उरले 2. आणि स्पीडला टायर फुगतो तो वेगळाच." उजवीकडे मात्र चांगली दोन बोटं जागा होती, म्हणून मी लगेच हुशारी केली की वॉशर टाकून चाक तिकडे सरकवू ना, कोणीतरी तसं सांगितलंही होतं. तुम्ही न चिडता समजावलंत की चेनच्या गाडीत स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) बाहेर घेता येतं, इथे चाकाच्या हबचे, म्हणजे मधल्या भागाचे, दाते फायनल ड्राइव्हमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या गिअरच्या डब्यात) बसतात, चाक सरकवलं की ते अर्धेच पकडणार, शिवाय मागचं चाक पुढच्याच्या लायनीत राहणार नाही. नळी थोडी ग्राइंड करू का, हे विचारायची मग हिंमतच झाली नाही. (विचारणार होतो.)

रिमचंही तेच. 3 इंच रुंदीच्या रिमवर 150 चढवला तर कडा आत ओढल्या जातात आणि टायर मधे टोकदार होतो, म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकावं म्हणून पैसे घालायचे आणि नेमकं तेच मिळत नाही. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी 140/90-16 वर आलो. हा रुंदीला बसतो पण उंचीला 18 एमएम जास्त, म्हणून तुम्ही मडगार्डच्या आतून माझ्या पोरीच्या क्लेचे गोळे चिकटवलेत आणि आपण दोघं सीटवर बसून दणादण उड्या मारल्या, ते बघून पोरगी अजून हसतेय. गोळे जसेच्या तसे राहिले तेव्हा कुठे तुम्ही हो म्हणालात.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. चाक काढलं तेव्हा स्प्लाइनवर, म्हणजे हबच्या त्या दात्यांवर, लालसर पावडर होती, एकदम कोरडी. आधी ज्यांनी चाक बसवलं त्यांनी ग्रीसचं बोटसुद्धा लावलेलं नव्हतं आणि मी कधी बघितलंही नाही. तुम्ही बोटावर ती पावडर घेऊन मला दाखवलीत, "हे तुझे दाते झिजतायत." मग ब्रशने प्रत्येक खाच साफ केलीत, काळी मॉली पेस्ट (मॉलिब्डेनमवालं घट्ट ग्रीस) लावलीत, आणि बसवताना फायनल ड्राइव्हचे नट आधी ढिलेच ठेवून ॲक्सल कसलात, मग ते कसलेत, म्हणजे सगळं आपापल्या जागी येऊन बसतं. रुंद टायरचं खूळ डोक्यात शिरलं नसतं तर ते दाते साफ झिजेपर्यंत मला पत्ताही लागला नसता.

आता गाडी वळताना किंचित जड वाटते, त्याच स्पीडला आरपीएम थोडे कमी लागतात, आणि ते भरून काढायला मागे बदलायला स्प्रॉकेट नाही, तर असू दे. दिसण्यातला फरक? खरं सांगू, एकाच्याही लक्षात आलेला नाही.

आणि हो, तुमची ती 12 ची ॲलन की माझ्या टूलकिटमध्ये सापडली. रविवारी घेऊन येतो.