शाळा सुटल्यानंतरच्या विज्ञान वर्गांना छोटे अनुदान हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत सहावी ते आठवीची मुले शाळा सुटल्यावर तासभर थांबून विद्युतमंडल (सर्किट) जोडतात, पण तारा, बॅटऱ्या आणि मोटारींचा खर्च शिक्षकांच्या खिशातूनच होतो. अटल टिंकरिंग लॅब या शाळांसाठीच्या केंद्राच्या प्रयोगशाळा योजनेचे २० लाखांपर्यंतचे अनुदान मोठे असले तरी त्यासाठी लागणारी जागा लहान शाळांकडे नसते. आमची खरी गरज दहा-पंधरा हजारांची आहे. केंद्राच्या इन्स्पायर-मानक या विद्यार्थ्यांच्या नवकल्पनांसाठीच्या योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात. मात्र शाळेने वेळेत ऑनलाइन नामांकन केले तरच, आणि तिथेच आपल्या अनेक शाळा मागे पडतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असून त्यात शिक्षणही येते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील छोटे कारखानदार या मर्यादेत बसत नसले, तरी फाउंड्रीत उरलेले धातूचे तुकडेही आम्हाला मोलाचे आहेत. शाळा सुधारणा समितीचा ठराव, साहित्याची दरासह यादी आणि गेल्या वर्षीच्या कामाची छायाचित्रे जोडलेला, अशा मदतीसाठीचा एक पानी अर्ज प्रत्येक शाळेने तयार ठेवावा. माजी विद्यार्थ्यांनी तो कन्नड आणि इंग्रजीत करून द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक विज्ञान शिक्षक, खानापूर